शिमोकिताझावाचं तळघर, पाच बँड आणि वहीतल्या रेघा

पूर्वेकडचा (शनिवार, दुपारी १:१०)

टोकियोतल्या मराठी माणसाच्या शुक्रवार संध्याकाळचे रस्ते ठरलेले आहेत. निशी-कासाईत (भारतीयांची वस्ती) कोणाकडे तरी जेवण, नाहीतर ऑफिसची नोमिकाई (सगळ्यांनी मिळून प्यायला जाणं), नाहीतर घरी येऊन लॅपटॉपवर मॅच. काल यातलं काहीच केलं नाही. शिमोकिताझावाच्या एका तळघरात उभं राहून पाच बँड ऐकले. पाचांपैकी एकाचंही नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि तिथल्या बऱ्याच जणांनीही बाकीच्या चारांचं ऐकलेलं नसावं. या फोरमवर गाणारी-वाजवणारी, नाटकं करणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्याशी एका गोष्टीवर बोलायचंय, ती शेवटी येईल.

निमित्त ऑफिसातला शेजारी. त्याला ता-सान म्हणू. टेस्टिंगमध्ये आहे, बग सापडला तरी चेहऱ्यावर काही दिसत नाही असा माणूस. मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत त्याने दोन्ही हातांनी एक छोटं पत्रक पुढे केलं आणि मान खाली घालून म्हणाला, शुक्रवारी वेळ असेल तर. पत्रकावर पाच नावं, तिसरं त्याच्या बँडचं. हा माणूस बास गिटार वाजवतो हे आमच्या टीममध्ये कोणाला माहीतच नव्हतं.

तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून चियोदा लाइन, योयोगी-उएहाराला ओदाक्यू. शिमोकिताझावात ओदाक्यूचे रूळ २०१३ मध्ये जमिनीखाली गेले, फाटकं गेली, वर चकाचक दुकानं आली. गल्ल्या मात्र तशाच आहेत. जुन्या कपड्यांची दुकानं, करीच्या खानावळी, आणि समोरून कोणी आलं की खांदा तिरका करावा लागतो इतपत रुंदी. नाटकवाल्यांसाठी सांगतो, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे सुझुनारी आणि होंदा ही नाट्यगृहं उभी राहिली, त्यामुळे या वस्तीला छोट्या रंगमंचाची सवय जुनी. लाइव्ह हाउसांपैकी (बँड वाजवतात त्या छोट्या जागा) शेल्टर १९९१ पासून आहे, क्लब क्यू १९९४ पासून. हल्ली शेल्टरच्या जिन्यापाशी एका ॲनिमेचे चाहते फोटो काढत उभे असतात, त्यांतले किती खाली उतरतात कोण जाणे.

मी गेलो ती जागा एवढी नावाजलेली नाही. बाहेर फळ्यावर खडूने पाच नावं, दारं साडेसहाला, सुरुवात सातला. जिना इतका चिंचोळा की कोणी गिटार पाठीला लावून वर येत असेल तर खाली जाणाऱ्याने थांबायचं. भिंतींवर स्टिकरांवर स्टिकर, खालचा कुठला बँड आणि तो अजून आहे की मोडला, काही पत्ता नाही.

खाली टेबलामागे एक मुलगी. तिने पैशांचं काही काढलं नाही, आधी विचारलं, आज कोणाला ऐकायला आलात? मी ता-सानच्या बँडचं नाव सांगितलं. तिच्यासमोर कागद, त्यावर पाच रकाने, वर पाच नावं. तिसऱ्या रकान्यात तिने एक रेघ ओढली. आपण चार उभ्या आणि एक आडवी मारतो, तशी इथे मोजणीसाठी पाच रेघांची एक कांजी, म्हणजे चित्रलिपीतलं अक्षर (正), असते. दर माणसामागे तिची एक रेघ. तिसऱ्या रकान्यात एक कांजी पुरी झालेली, दुसरीच्या माझी धरून दोन रेघा. सात. पहिल्या बँडच्या रकान्यात पहिलीच कांजी अजून अर्धवट होती.

मग पैसे. तिकीट २,४०० येन, वर पेयाचे ६००, ते सक्तीचे. आपल्याकडच्या हिशेबात सगळे मिळून सतराशे-अठराशे रुपये. पेय सक्तीचं का, तर कायद्याने नाट्यगृह म्हणून परवाना काढायचा तर अटी जाचक, म्हणून बहुतेक लाइव्ह हाउसं कागदोपत्री खाण्यापिण्याची दुकानं असतात. दुकान आहे तर काहीतरी विकलं पाहिजे. मी बार्लीचा थंड चहा घेतला. त्याबरोबर पत्रकांची ही जाडजूड गड्डी मिळाली, पुढच्या दोन महिन्यांत त्या परिसरात कोण कुठे वाजवणार ते सगळं त्यात.

पहिला बँड म्हणजे दोन मुली आणि एक ड्रम मशिन. दुसऱ्या गाण्यात मशिन बंद पडलं. मोठी हाताने टाळ्या वाजवत ठेका धरून राहिली, धाकटीने वाकून बटणं दाबली, आणि मशिन आलं ते नेमकं समेवर. योगायोग असेल, पण मागे उभ्या एका ड्रमरच्या तोंडून ‘ओ!’ निघालं. दुसरे कॉलेजातले, आवाज प्रचंड, शब्द एक कळेना. त्यांच्याबद्दल एवढंच.

मग ता-सान. ऑफिसात मान वर करत नाही, इथेही केली नाही. पण चौथ्या गाण्यात बाकी सगळे थांबले आणि तो एकटा उरला, दोनच स्वर, वरचा थोडा उशिरा यायचा, दर वेळी थोडा अधिक उशिरा. ऐकणाऱ्याचा जीव वरखाली. शेवटी ड्रमरने हसत एक तडाखा दिला आणि सगळे आत आले. बास अँपसमोर उभं राहिलं की आवाज कानात नाही, बरगड्यांत येतो, हे मला काल कळलं.

चौथा बँड पन्नाशीच्या चार गृहस्थांचा. ऑफिसातून थेट आलेले, पांढरे शर्ट, कंपनीचा बिल्ला एकाच्या खिशात तसाच. त्यांनी पंक वाजवला. एक गाणं अख्खं ‘बैठक पुढे ढकलली आहे’ या एका वाक्यावर होतं आणि मी पोट धरून हसलो, कारण ते वाक्य मी रोज ऐकतो. पाचवा बँड सगळ्यांत तयारीचा. म्हणूनच त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं सगळ्यांत कमी.

ऐकणारे एकूण चाळिसेक, त्यांत अर्धे स्वतःच वाजवणारे. आपलं झालं की गिटार आत ठेवून मागच्या भिंतीला टेकून दुसऱ्याचं ऐकायचं, कोणी मध्येच पळत नाही. गाणं चालू असताना कोणी बोलत नाही, फोनमध्ये डोकं घालत नाही.

आता मुद्दा. नंतर टेबलावर त्यांची सीडी घेताना ता-सानला त्या रेघांचं विचारलं. हिशेब असा. दर बँडने १५ तिकिटं खपवायचीच. याला इथे नोरुमा म्हणतात. कमी पडली तर उरलेल्यांचे पैसे बँडने भरायचे, १५ च्या वर गेली तर वरच्या तिकिटांचे अर्धे बँडला. त्यांच्या रेघा शेवटी नऊ झाल्या. सहा कमी, म्हणजे १४,४०० येन. चौघांत वाटले तर डोक्याला ३,६००. ऐकायला आलेल्या मला संध्याकाळ ३,००० ला पडली आणि वाजवणाऱ्या त्याला ३,६०० ला. सरावाच्या स्टुडिओचं तासाचं भाडं वेगळंच, घराच्या भिंती इथे पातळ, घरी सराव अशक्य.

मला हे क्रूरही वाटलं आणि, खरं सांगू, बरंही वाटलं. फुकट प्रवेशाच्या जागी बँड मागे आणि गिऱ्हाईक पनीर टिक्क्याशी गप्पा मारत असतं, त्यापेक्षा हे परवडलं. तुम्हाला काय वाटतं?

---

कट्ट्यावरची_रेवा (शनिवार, २:०५)

मस्त लिहिलंय. बैठक पुढे ढकललेल्यांना माझ्याकडून दंडवत सांगा, आमच्या हिंजवडीत त्यांचा कार्यक्रम हाउसफुल्ल जाईल.

पण ‘परवडलं’ कसं म्हणता? तुम्हाला परवडलं. त्याला कुठे?

---

हिशेबनीस (शनिवार, ३:३०)

दुसऱ्या टोकाने हिशेब मांडतो. पाच बँड, प्रत्येकी १५ तिकिटं, २,४०० ची. १,८०,००० येन. हॉलवाल्याला एवढे मिळणार हे दारं उघडण्याआधीच पक्कं. चिटपाखरू नाही आलं तरी. वर दर माणशी पेयाचे ६००, ते वेगळे.

म्हणजे त्या धंद्याचं खरं गिऱ्हाईक तुम्ही नाही, बँड आहे. तुम्ही बँडने आणलेले पाहुणे. कार्यालय भाड्याने घेतल्यासारखंच, फक्त पाच लग्नं एका दिवशी.

आता हॉलवाल्याच्या बाजूनेही बोलू. टोकियोत तळघराचं भाडं, आवाज वर जाऊ नये म्हणून भिंती, छत, दार सगळ्यावर केलेला खर्च, आवाज सांभाळणारा माणूस, दिवे सांभाळणारा माणूस. आणि अँप नि ड्रम त्याचेच असणार, नाही का?

---

पूर्वेकडचा (शनिवार, ४:१५)

@हिशेबनीस, हो. मार्शलचे, रोलंडचा जेसी-१२० (हा जवळपास सगळीकडे असतो म्हणे), बासचा अँपेग, अख्खा ड्रम सेट. बँडने फक्त गिटार, पेडल आणि ड्रमरने आपला स्नेअर आणायचा. म्हणून तर लोकलमधून येऊन वाजवता येतं.

@रेवा, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, गोल्फ यापेक्षा महाग. पुढे काही बोलला नाही.

---

बेसूर (शनिवार, ९:४०)

मी मुंबईत दहा-बारा वर्षं गिटार वाजवली, आता फक्त धाग्यांवर वाजवतो. तर हे दुसऱ्या बाजूचं.

आमच्या आधीच्या पिढीकडे रंगभवन होतं, धोबीतलावचं. इंडिपेन्डन्स रॉक तिथे १९८६ पासून व्हायचं, उघड्यावर, हजारो पोरं. मग ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या आजूबाजूला रुग्णालयंही आणि कॉलेजंही. संपलं. लहान जागांपैकी जुहूचं रॅझबेरी ऱ्हिनोसेरस होतं, तिथे कोणालाही न ऐकलेले बँड ऐकायला मिळायचे. मग २००७ ला लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडात ब्लू फ्रॉग आलं. आवाज तसा मुंबईत त्याआधी ऐकला नव्हता. तेही २०१६ ला बंद.

आम्ही वाजवायचो ते यांच्याखालच्या पायरीवर. उपनगरातला एक पब, नाव नको. मंगळवारी बँड, कारण मंगळवारी गिऱ्हाईक नसतं. पैसे नाहीत, माणशी एक बिअर आणि ‘स्टार्टर्समधलं काहीही एक’. स्टेज म्हणजे दोन टेबलं सरकवून केलेली जागा, पाठीमागे क्रिकेटचा पडदा. आमच्या सगळ्यांत हळुवार गाण्याच्या मध्यावर विकेट पडली आणि अख्खा पब उठून नाचला. ड्रमर म्हणाला, चला, आपल्या गाण्यावर पहिल्यांदा कोणीतरी नाचलं. मॅनेजर येऊन म्हणाला, जरा हळू, टेबल पाचला ऑर्डर देता येत नाहीये.

आम्हाला एक पैसा भरावा लागला नाही. ऐकलंही कोणी नाही. ता-सानला विचारा, अदलाबदल करतोस का? मी ३,६०० येन द्यायला तयार आहे.

---

कट्ट्यावरची_रेवा (शनिवार, १०:०२)

विकेट 😂 कोणाची होती?

---

बेसूर (शनिवार, १०:०६)

ते आठवत नाही, कॉर्ड आठवतो. एफ शार्प मायनर.

---

भजनीबुवा (रविवार, सकाळी ७:२०)

सिंधुदुर्गातून लिहितोय. तुमचा तो कार्यक्रम आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालू आहे, त्याला डबलबारी म्हणतात. दोन बुवा समोरासमोर, दोघांची पेटी, पखवाज, झांज, मागे कोरस. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. रूप, अभंग, गौळण, गजर असं चढत जातं. एकाने आपल्या बारीत पुराणातला प्रश्न टाकला की दुसऱ्याने आपल्या बारीत उत्तर द्यायचं, नाही आलं तर मांडवात शिट्ट्या. आणि पहिला बुवा गात असताना दुसऱ्याची माणसं तिथेच बसून ऐकतात. ऐकावंच लागतं, नाहीतर उत्तर काय देणार कप्पाळ!

पण आमच्याकडे बुवा पैसे भरत नाही. जत्रा असेल, गणपती असेल, नवरात्र असेल, मंडळ सुपारी देतं. वर बक्षिसं, ती पेटीवर ठेवायची नि माइकवर नाव पुकारायचं. लोकांना फुकट. गाव वर्गणी काढतं आणि गाव ऐकतं. मुंबईत मात्र डबलबाऱ्या नाट्यगृहात तिकीट लावून होतात, चाकरमानी पैसे देऊन ऐकतात.

तुमच्या जपान्यांचं मला कळत नाही ते एकच. मंडळ कुठाय?

---

तिसरी_घंटा (रविवार, ११:४५)

बुवांनी नेमका प्रश्न विचारला. मंडळ नाही, म्हणून वाजवणारेच मंडळ.

पण हे आपल्याकडे नाही असं समजू नका. प्रायोगिक नाटक करणाऱ्या कोणालाही विचारा. नाट्यगृहाचं भाडं ग्रुपने भरायचं, आगाऊ. नेपथ्य, टेम्पो, प्रकाशयोजना, चहा-वडे ग्रुपच्या खिशातून. तिकिटं कोण घेतं? आत्या, मामा, ऑफिसातले, कॉलेजातले जुने. प्रत्येक नटाला ‘तू किती घेतलीस?’ म्हणून विचारलं जातं आणि उरलेली तिकिटं तोच गुपचूप घेतो. इथे कागदावर रेघा ओढत नाहीत एवढाच फरक. तीच लाज, फक्त लेखी नाही.

१९७० च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात आविष्कार या नाट्यसंस्थेने जे केलं, ते परवडणारं भाडं होतं म्हणून झालं. खाली दादरचा बाजार, वर शाळेचा हॉल, आणि तिथे मराठी रंगभूमी बदलली. तिथे प्रत्येक ग्रुपला ‘पन्नास तिकिटं आणा, नाहीतर भरा’ म्हटलं असतं तर निम्मी नाटकं उभीच राहिली नसती. म्हणून पूर्वेकडच्यांचं ‘बरंही वाटलं’ मला पटलं नाही. प्रेक्षक शांत बसतो त्याचं श्रेय नोरुमाला कशाला देता? तो लोकांचा संस्कार आहे. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात प्रेक्षक शांत कुठे असतो? आरडाओरडा नुसता. पण एकांकिकेतलं एक वाक्य निसटत नाही त्याच्याकडून.

---

ओसाकाची_काठी (रविवार, दुपारी २:५०)

लिहू की नको करत होते, पण लिहितेच. मी ओसाकात ड्रम वाजवते, नोरुमा भरून भरून वाजवते.

पहिलं, ही सक्ती सगळीकडे नाही. बऱ्याच जागांनी ती सोडून दिलीये, किंवा आठवड्यातल्या पडेल दिवशी घेत नाहीत. काही ठिकाणी नोरुमा नसतो पण दारावरच्या पैशांतला पहिला ठरावीक हिस्सा हॉलचा, पुढचा वाटून. जागा पाहून विचारायचं असतं, नवशिके विचारत नाहीत आणि फसतात.

दुसरं, पाच बँड एका रात्री का? हिशेबनीसांनी सांगितलंच. पण त्यामुळे काय होतं ते बघा. हॉलवाल्याला जागा भरायची असते, मग एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले पाच बँड एका फळ्यावर. ड्रम मशिनच्या मुलींची मैत्रीण पंक ऐकायला थांबत नाही. खरं तर थांबते, पण सभ्यपणे. जे बँड स्वतः एकत्र येऊन रात्र ठरवतात, पाहुणे बँड निवडून बोलावतात, तिथलं वातावरण वेगळंच असतं.

तिसरं, २०२०. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओसाकातल्या लाइव्ह हाउसांतून संसर्ग पसरल्याच्या बातम्या आल्या आणि अख्ख्या देशात लाइव्ह हाउस ही शिवी झाली. तेव्हा या जागा वाचवा म्हणून ‘सेव्ह अवर स्पेस’ नावाची सह्यांची मोहीम निघाली, तीन लाखांच्या आसपास सह्या गोळा झाल्या. ज्यांना मी नोरुमावरून शिव्या घालायचे त्याच हॉलवाल्याचा टीशर्ट मी तेव्हा विकत घेतला, भाड्याला मदत म्हणून. अजून घालते. शिव्याही घालते.

जाता जाता, एक गंमत. सरावाची फेरी उलट्या क्रमाने होते. शेवटी वाजवणारा बँड दुपारी सगळ्यांत आधी आवाज तपासतो, पहिला वाजवणारा सगळ्यांत शेवटी. म्हणजे दारं उघडताना स्टेजवर पहिल्याचीच मांडणी तयार. शेवटच्या बँडला मग दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत करायचं काय? शेजारच्या करीच्या दुकानात आमचं आयुष्य गेलं.

---

तिसरी_घंटा (रविवार, ३:२०)

काठीताई, टीशर्टबद्दल +१०००. धागा आत्ता खऱ्या अर्थाने सुरू झाला.

---

गंभीर_श्रोता (रविवार, ५:००)

सवाईला ओल्या गवतावर बसून रात्र रात्र ऐकणाऱ्या पिढीतला मी. यात सूर कुठे, साधना कुठे? दोन स्वर वाजवले म्हणे. दोन स्वर तर आमचा सुताराचा रंधाही लावतो.

---

बेसूर (रविवार, ५:१२)

काका, त्या रंध्याची तारीख मिळेल का? बासवादक शोधतोय.

---

संपादक मंडळ (रविवार, ५:३०)

सदस्यांना विनंती, धागा छोट्या जागांमधल्या कार्यक्रमांबद्दल आहे. अभिजात विरुद्ध इतर यावर आधीच भरपूर धागे आहेत, रंधा तिकडे चालवावा.

---

फोंड्याचो (रविवार, रात्री ८:१५)

गोव्यात दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी आहेत. तियात्राला (कोकणी संगीत नाटकाला) कॉन्ट्रॅक्टर असतो. तो खेळ विकत घेतो, हॉल ठरवतो, तिकिटं खपली तर त्याचे, नाही खपली तर त्याचं नशीब. नटाला ठरलेले पैसे मिळतात. आणि देवळाच्या जत्रेला गावच्या पोरांचं हौशी मराठी नाटक, तिथे पोरं स्वतः वर्गणी काढून पडदे, रंगभूषा, दिवे आणतात. तेच ऐतिहासिक नाटक, तलवारी तशाच वाकड्या, पण अख्खा गाव पहाटेपर्यंत खुर्ची अडवून बसतो.

जोखीम कोणी घ्यायची याला तीनच माणसं आहेत. मधला माणूस, वाजवणारा किंवा ऐकणारा. जपान्यांनी ती वाजवणाऱ्याच्या गळ्यात घातली. मुंबईच्या पबवाल्याने कोणाच्याच गळ्यात घातली नाही, म्हणून तिथे कोणाला पडलेलीही नव्हती.

---

हिशेबनीस (रविवार, ९:००)

फोंड्याकर, शेवटचं वाक्य पटलं, अर्धं. पबवाल्याची जोखीम बिअरमध्ये होती. त्याला बँडची गरज मंगळवारी टेबलं भरायला होती, म्हणून बँड चांगला की वाईट याने त्याला फरक पडत नव्हता, मोठ्याने वाजवतो की नाही याने पडत होता. ज्याचे पैसे ज्यात अडकलेले, त्याचं लक्ष त्यात. जपानातल्या हॉलवाल्याचे पैसे बँडने आधीच भरलेत, तर त्यालाही गाणं ऐकायचं कारण उरत नाही. खरं की नाही, काठीताई?

---

ओसाकाची_काठी (रविवार, ९:२५)

तसं वाटेल खरं, पण आवाज सांभाळणारे ऐकतात. कार्यक्रम झाला की हिशेब द्यायला बसतात तेव्हा सांगतातही, तुमचं दुसरं गाणं लांबलं, गाणाऱ्याने माइक फार जवळ धरला, बोलताना प्रेक्षकांकडे बघा. नको तेव्हा सांगतात. हातात बिल, डोक्यावर उपदेश. पण त्यातल्या एकाने सांगितलेल्या एका वाक्यामुळे मी पायाच्या पेडलवरची पकड बदलली, आणि ते मला कोणत्या क्लासने सांगितलं नव्हतं.

---

नोव्हेंबरची_पाहुणी (सोमवार, सकाळी १०:३०)

मी नोव्हेंबरात दहा दिवस टोकियोला येतेय. जपानी येत नाही. अशा ठिकाणी एकटी बाई गेली तर चालतं का? तिकीट कसं काढायचं?

---

पूर्वेकडचा (सोमवार, १:४०)

बिनधास्त जा, एकट्या बायका भरपूर असतात. बँडच्या खात्यावर दोन ओळींचा निरोप टाकला की ते तुमच्या नावाने तिकीट राखून ठेवतात, पैसे दारात. कोणालाच ओळखत नसाल तर तसंच जा, दारावर जास्त पडतील दोन-पाचशे येन. कोणाला ऐकायला आलात विचारलं तर फळ्यावरचं एक नाव दाखवा, ज्याचा रकाना रिकामा दिसेल त्याचं दाखवलंत तर पुण्य. कानात घालायचे बोळे न्या, खरंच न्या. बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये. २०२० च्या एप्रिलपासून कायद्याने आत सिगारेट बंद झाली, त्यामुळे कपड्यांना पूर्वीसारखा वास येत नाही. फोटो काढायचे तर आधी विचारा. रात्री दहापर्यंत सगळं आटोपतं, शेवटच्या गाडीची चिंता नको, ती साडेबाराच्या आसपास असते.

@तिसरी_घंटा, तुमचं मान्य. शांत बसण्याचं श्रेय नोरुमाला नाही. पण एक राहतंच. मागच्या भिंतीला टेकलेले ते सगळे वाजवणारे, त्यांनी पैसे भरलेत म्हणून ते वेळेवर येतात, वेळेत उतरतात आणि दुसऱ्याचा वेळ खात नाहीत. अर्ध्या तासाचं मोल त्यांना कळतं. आपल्या संमेलनात हौशी गायकाच्या हातून माइक काढून घ्यायला कार्याध्यक्षांना स्टेजवर जावं लागतं, तेव्हा मला १५ तिकिटांची आठवण येणार.

@भजनीबुवा, आज ता-सानला डबलबारीचा व्हिडिओ दाखवला. जेवणाची सुट्टी संपली तरी बघत होता, पखवाजवाल्याच्या डाव्या हातावर तीनदा मागे गेला. मग विचारलं, दोन्ही बुवांसाठी आलेली माणसं वेगवेगळी मोजतात का?

---

भजनीबुवा (सोमवार, ६:५५)

मोजत नाहीत. पण कोणाच्या बारीला लोक चहाला उठले ते दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या तालुक्याला ठाऊक असतं.

डाव्या हाताचं विचारलं म्हणजे माणूस जाणकार आहे. गणपतीत आणा त्याला, राहायची सोय माझ्याकडे. बास गिटार आणू नका म्हणावं, लाइट जातात.